आधी अंतर मोजा, मग लेन्स घ्या

थंडीची चाहूल लागली की कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. ‘बर्ड फोटोग्राफी सुरू करायची आहे, कुठली लेन्स घेऊ?’ पाच मिनिटांत दहा उत्तरं येतात. नऊ जण सांगतात, ‘१५०-६०० घे, बाकी सगळा टाइमपास.’ दहावा ईएमआयचा हिशेब मांडून देतो. ज्यानं विचारलं त्याला मात्र उलटं कुणीच विचारत नाही, की बाबा, तुला कुठले पक्षी टिपायचे आहेत, ते बसतात कुठे, आणि तुझ्यापासून किती लांब?

५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा. २०२० पासून राज्य सरकारनं या दोन तारखांमधला आठवडा पक्ष्यांच्या नावे केला आहे. या आठवड्यात फोटो स्पर्धा होतात, स्टेटसवर पक्षी झळकतात, आणि मग लेन्सची खरेदी डोक्यात शिरते. म्हणून हा विषय आत्ताच बोलून घेऊ.

माझं म्हणणं थोडक्यात असं. सावंगी-वर्ध्यात शिकणाऱ्या मुलामुलींनी पहिली लेन्स म्हणून लाखाच्या घरातली १५०-६०० घेऊ नये. २५० किंवा ३०० मिलिमीटरपर्यंत जाणारी छोटी झूम लेन्स घ्यावी, शक्यतो सेकंडहँड. आणि मोठी लेन्स हवीच असेल, तर ती एकट्यानं घेण्याऐवजी दहा जणांनी मिळून किंवा कॉलेजनं घ्यावी. नऊ जणांचं मत विरुद्ध आहे, हे माहीत आहे. तरी ऐकून तर घ्या.

हिशेब वहीच्या एका पानाचा

‘३०० मध्ये पक्षी मुंगीएवढा येतो’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. येतो का खरंच? बारावीचं भौतिकशास्त्र जरा आठवा. सेन्सरवर पक्षी किती मोठा उमटेल, हे तीन गोष्टींवर ठरतं: पक्ष्याची लांबी, लेन्सची फोकल लेंग्थ आणि तुमच्यातलं अंतर. लांबीला फोकल लेंग्थनं गुणा आणि अंतरानं भागा. झालं.

सावंगीची वस्ती संपून कपाशी-तुरीची शेतं सुरू झाली, की विजेच्या तारेवर नीलपंख बसलेला दिसतो. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तोच हा. लांबी जेमतेम एक फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर. तो २० मीटरवर असेल आणि लेन्स ३०० मिलिमीटरची असेल, तर सेन्सरवर तो साडेचार मिलिमीटरचा उमटतो. साध्या क्रॉप सेन्सरच्या डीएसएलआरचा सेन्सर साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे पक्ष्यानं फ्रेमची जवळजवळ पाचवा हिस्सा रुंदी व्यापली. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल, तर आडव्या सहा हजार पिक्सेलपैकी साधारण साडेअकराशे पिक्सेल एकट्या नीलपंखाचे झाले. इन्स्टाग्रामची पोस्ट १०८० पिक्सेल रुंद असते. मुंगी कुठे आहे यात?

आता तेच शिंजीराचं बघू. हा दहा सेंटिमीटरचा जीव २० मीटरवर ३०० च्या लेन्सनं टिपला, तर त्याचे चारशेही पिक्सेल हाती लागत नाहीत. पण शिंजीर असतो कुठे? हॉस्टेलच्या बागेत, जास्वंदीवर, शेवग्याच्या फुलांवर. तिथे तुम्ही आठ मीटरवर सहज उभे राहू शकता. आठ मीटरवर त्याचे साडेनऊशे पिक्सेल होतात. याच सूत्रात आणखी एक गोष्ट दिसते. अंतर निम्मं झालं, की फोकल लेंग्थ दुप्पट केल्याचा फायदा फुकट मिळतो. लेन्स ३०० वरून ६०० करायला लाखभर रुपये लागतात. अंतर २० मीटरवरून १० मीटर करायला झाडाआड बसून अर्धा तास वाट बघावी लागते.

हिशेब उलट बाजूनंही लावून बघा. बोर धरणाच्या पाण्यात मधोमध तरंगणारी थापट्या बदकं १०० मीटरवर असतील, तर ३०० नं जेमतेम चारशे पिक्सेल मिळतील. ओळख पटेल, भिंतीवर लावण्याजोगा फोटो होणार नाही. तिथे ६०० लागतेच, हे मान्य. प्रश्न एवढाच, की तुम्ही वर्षातून किती वेळा बोर धरणावर जाता आणि किती वेळा हॉस्टेलमागच्या शेतात?

वर्ध्याचं ऊन आणि सकाळचा उजेड

लेन्सची परीक्षणं आपण यूट्यूबवर बघतो. ती बहुतेक थंड हवेत केलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. नांगरलेल्या काळ्या जमिनीवरून झळा निघतात आणि लांबचं सगळं थरथरताना दिसतं. हिवाळ्यातही दहा-अकरा वाजले, की जमीन तापून हाच खेळ सुरू होतो. अशा वेळी दीडशे मीटरवरचा पक्षी जगातल्या कुठल्याही लेन्सनं टिपा, पिसं धुरकटच येणार. कारण बिघाड काचेत नसून मधल्या हवेत असतो. जितकी लेन्स लांब, तितक्या या झळाही मोठ्या होऊन दिसतात.

म्हणून पक्ष्यांची वेळ सकाळची. सहा ते साडेआठ. तेव्हा हवा स्थिर असते, पक्षी चरायला बाहेर पडलेले असतात, पण उजेड कमी असतो. आणि इथे लेन्सवरचा दुसरा आकडा, म्हणजे अ‍ॅपर्चर, महत्त्वाचा ठरतो. ६०० मिलिमीटरला या झूम लेन्स एफ ६.३ वर असतात, छोट्या २५० वाल्या एफ ५.६ वर. फरक एक तृतीयांश स्टॉपचा, दिसायला किरकोळ. पण हातात धरून फोटो काढताना फोकल लेंग्थ जितकी मोठी, तितका शटर स्पीड वाढवावा लागतो. क्रॉप सेन्सरवर ३०० ला साधारण १/५०० सेकंद, ६०० ला १/१०००. म्हणजे शटरमध्येच निम्मा उजेड गेला. दोन्ही मिळून जिथे छोटी लेन्स आयएसओ ८०० वर भागवते, तिथे मोठीला २००० लागतो. जुन्या कॅमेऱ्यात पहाटेच्या उजेडात दाणे दिसायला लागतात. इमेज स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सावरतं. कोतवाल शेपटी हलवतो, ते सावरत नाही.

मग ६०० ला एफ ४ ची लेन्स का बनत नाही? बनते. पण ६०० ला ४ नं भागा, १५० येतात. म्हणजे पुढची काच निदान १५० मिलिमीटर व्यासाची हवी. ती लेन्स तुमच्या दोन-चार वर्षांच्या फीएवढ्या किमतीची असते. ६०० भागिले ६.३ म्हणजे ९५, म्हणूनच बाजारातल्या १५०-६०० पैकी बऱ्याच लेन्सवर ९५ मिलिमीटरचा फिल्टर बसतो. लेन्सची किंमत आणि वजन कुठून येतं, ते या भागाकारात कळतं.

वजनाचंही बोलू. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १९३० ग्रॅम आहे. टॅमरॉनची दुसऱ्या पिढीची १५०-६०० दोन किलोच्या आसपास. निकॉनची २००-५०० कॉलरसकट २.३ किलो. त्यात कॅमेरा वेगळा. कॅननची ५५-२५० एसटीएम फक्त ३७५ ग्रॅम आहे. तुम्ही पवनारला धाम नदीवर जाणार ते मित्राच्या गाडीवर डबलसीट. पाठीवर तीन किलोची बॅग, हातात अडीच-तीन किलोचं धूड, आणि दहा मिनिटांत खांदा बोलायला लागतो. जी लेन्स जड म्हणून कपाटात राहते, ती कितीही मिलिमीटरची असली तरी तिचा उपयोग शून्य.

आणि एक अडचण दुकानदार सांगत नाही. क्रॉप सेन्सरवर ६०० मिलिमीटरला कॅमेऱ्यातून आडवं दिसतं फक्त सव्वादोन अंश. आकाशातला चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे जेमतेम साडेचार चंद्र मावतील एवढीच फट. त्या फटीतून बाभळीतला वेडा राघू शोधणं नव्या माणसाला जमत नाही. तो शोधेपर्यंत राघू माशी पकडून, परत येऊन, पुन्हा उडालेला असतो. झूमचा खरा फायदा इथेच आहे. आधी लेन्स आखूड करा, पक्षी सापडला की मग ताणा. हा सराव ३०० वर हात बसेपर्यंत करा, मग मोठी लेन्स पेलते.

मग नेमकी कुठली?

कॅननचा डीएसएलआर असेल, तर ५५-२५० एसटीएम डोळे मिटून. किटसोबत गळ्यात मारली जाणारी ७५-३०० मात्र टाळा. तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही आणि ३०० ला ती मऊ पडते. निकॉनवाल्यांसाठी एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर चांगली, वजन चारशे ग्रॅमच्या थोडं वर. पण सावध राहा. ही लेन्स डी ९०, डी ३२००, डी ७००० अशा जुन्या कॅमेऱ्यांवर फोकसच करत नाही. शिवाय तिची व्हीआर नसलेली भावंडंही बाजारात आहे, नावात ‘व्हीआर’ ही दोन अक्षरं बघूनच पैसे द्या. कॅननचा नवा मिररलेस कॅमेरा ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी आरएफ १००-४०० आहे. ६३५ ग्रॅममध्ये ४०० मिलिमीटर मिळतात. बदल्यात ४०० ला अ‍ॅपर्चर एफ ८ पर्यंत खाली जातं, म्हणजे ढगाळ सकाळी हाल.

ज्यांच्याकडे कॅमेराच नाही, त्यांनी निकॉन पी ९०० सारख्या सुपरझूमचा विचार करायला हरकत नाही. २०१५ मध्ये आलेल्या त्या कॅमेऱ्याचं झूम ८३ पट आहे, आवाका २००० मिलिमीटरच्या लेन्सएवढा. फोटोग्राफर मंडळी नाकं मुरडतात, कारण सेन्सर नखाएवढा आहे आणि उजेड कमी झाला की चित्र पिठूळ होतं. उडता पक्षी तर विसराच. पण तळ्यापलीकडचा शेकाट्या आहे की तुतारी, एवढं ठरवायचं असेल, तर एका बॅगेत काम भागतं.

सेकंडहँड घेताना चार गोष्टी तपासा. एक, मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूनं लावून पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. परत फिरा. दोन, झूमच्या दोन्ही टोकांना जवळ आणि लांब फोकस करून बघा. तीन, लेन्स खाली तोंड करून धरा. आपोआप लांब होत असेल, तर ती भरपूर वापरलेली आहे. भाव पाडा. चार, स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावल्याशिवाय आणि फोटो लॅपटॉपवर मोठा करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. घरी आणल्यावर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात.

साधनांवरून आठवलं. मद्रासचे एम. कृष्णन (१९१२-१९९६) हे आपल्या देशातले मोठे वन्यजीव छायाचित्रकार आणि निसर्गलेखक. त्यांनी वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे आणि लेन्सचे भाग जोडून स्वतःचं एक यंत्र बनवलं होतं आणि त्याला ‘सुपर पाँडेरोसा’ असं भारदस्त नाव दिलं होतं. त्या जुगाडावर त्यांनी वर्षानुवर्षं काळेपांढरे फोटो काढले. त्यांना जंगल पाठ होतं. पुढचा प्राणी काय करणार, हे त्यांना आधी कळायचं.

फोटो कशासाठी काढायचा?

लेन्स निवडण्याआधीचा हा खरा प्रश्न. मऊ धूसर पार्श्वभूमी, पिसन्‌पीस मोजता येईल असा फोटो, हजार लाइक्स. हे सगळं छान आहे. पण पक्ष्याच्या फोटोचं आणखी एक काम असतं, आणि त्या कामाची आपल्या राज्यातली गोष्ट भारी आहे.

रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. १८७३ मध्ये ह्यूमनं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीशीर नमुना मिळाला नाही. मध्ये मेनर्ट्‌झहागन नावाच्या ब्रिटिश संग्राहकाकडे १९१४ सालचा एक नमुना होता. पण तो दुसऱ्याच्या संग्रहातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला होता, हे अमेरिकेच्या पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांच्या तपासातून बाहेर आलं. खोटी ठिकाणं बाजूला काढल्यावर शोध कुठे घ्यायचा ते कळलं. आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, ११३ वर्षांनी, नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळच्या रानात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना रानपिंगळा जिवंत दिसला. त्यांनी तिथेच त्याचं चित्रण केलं. बंदूक नाही, पिंजरा नाही. पुढे तो आपल्या मेळघाटातही सापडला.

आता गंमत बघा. रानपिंगळा आणि गावातल्या वडावर बसणारा साधा पिंगळा यांत मोठा फरक डोक्यावर आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याच्या जवळपास नसतात. हा फरक दाखवायला धूसर पार्श्वभूमी लागत नाही. डोकं दिसेल असा, तारीख आणि जागा नोंदवलेला एक स्वच्छ फोटो लागतो. तो तीनशेच्या लेन्सनंही निघतो.

सालिम अलींच्या पिढीला पक्ष्याची ओळख पक्की करायला तो गोळी घालून पाडावा लागायचा. आपल्या हातात ते काम करणारी काच आहे, तेही पक्षी जिवंत ठेवून. ई-बर्डवर तुम्ही एखादा दुर्मीळ पक्षी नोंदवलात, तर तपासणारा माणूस पुरावा विचारतो. तिथे तुमचा थोडा दाणेदार, पण खूण स्पष्ट दिसणारा फोटो चालतो. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट होतो, चार दिवसांचा. सावंगीच्या चार हॉस्टेलांमधून चाळीस जणांनी आपापल्या गच्चीवरून पंधरा-पंधरा मिनिटं नोंदी केल्या, तर इथल्या पक्ष्यांची अशी यादी तयार होईल जी बाहेरून आलेला कुठलाही मोठ्या लेन्सवाला एका सफारीत करू शकणार नाही.

छोटी लेन्स म्हणजे जवळ घुसायचं?

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप हा आहे, आणि तो पैशांबद्दल नाही. लेन्स छोटी असली की माणूस पक्ष्याच्या जवळ सरकतो. पक्षी उडतो. पुन्हा सरकतो. लांब लेन्सचा मोठा गुण हाच, की पक्ष्याला त्याची जागा मिळते. हे खरंच आहे. पण मोठी लेन्स घेतलेला माणूस लांब राहतोच, असं कुठे आहे? फ्रेम भरायची हाव ३०० ला सुटते तशी ६०० लाही सुटते.

म्हणून नियम लेन्सचा न करता पक्ष्याचा करा. चरणारा पक्षी चरायचा थांबला, मान वर करून तुमच्याकडे बघायला लागला, की तुमची हद्द संपली. तिथेच बसा. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली, तर समजा की जमिनीवर जवळच तिची अंडी आहेत. आल्या पावली मागे फिरा. मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत तो चारा सोडून हद्द राखायला धावतो, तुमच्या एका फोटोसाठी. घरट्याचा फोटो नकोच. पानं-फांद्या बाजूला केल्या की घरटं कावळ्यालाही दिसतं. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं हे ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच येतं, हे लक्षात ठेवा.

छोट्या लेन्सला साजेसे पक्षी निवडा. तारेवरचे नीलपंख आणि वेडा राघू, गायींमागचे गायबगळे, बागेतले दयाळ, शिंजीर, सातभाई. माणसांच्या वावराला ते सरावलेले असतात. उभ्या असलेल्या गाडीत शांत बसलात, तर तारेवरची कापशी घारही बऱ्याचदा बसून राहते. चालत जाणाऱ्या माणसाला पक्षी जितका बिचकतो, तितका गाडीला बिचकत नाही. आणि लाजरे पक्षी? त्यांच्यासाठी दुर्बीण. फोटो निघाला नाही, तरी पक्षी बघितला ना!

मोठी लेन्स, पण सगळ्यांची

६०० कुणी घ्यावी? ज्याची दोन हिवाळे भटकंती झाली आहे, ज्याच्या नोंदवहीत पाणपक्षी आणि शिकारी पक्षी जास्त आहेत, आणि ज्याला ३०० कुठे कमी पडते हे उदाहरणांसह सांगता येतं. बोर व्याघ्र प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात आहे, २०१४ मध्ये जाहीर झालेला, सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा. तिथे सफारीत जिप्सीतून खाली उतरता येत नाही, पुढे सरकता येत नाही. अशा ठिकाणी लांब झूम कामी येते. पण वर्षातल्या दोन सफारींसाठी लाखाची लेन्स घेणं म्हणजे लग्नाच्या वरातीसाठी घोडा विकत घेणं. भाड्यानं घ्या. नागपूरसारख्या शहरात ओळखपत्र आणि अनामत ठेवून दिवसाच्या भाड्यानं लेन्स मिळतात.

त्याहून चांगला मार्ग आहे. लाखाची लेन्स दहा जणांत घेतली, तर वाट्याला दहा हजार येतात, आणि प्रत्येकाला महिन्यातले तीन दिवस मिळतात. हेच कॉलेजनं केलं तर आणखी बरं. क्रिकेटचं किट कॉलेज घेतं, त्यातली बॅट प्रत्येक पोरानं आपापली आणावी असं कुणी म्हणत नाही. मग निसर्ग मंडळासाठी एक लेन्स, एक कॅमेरा आणि चार दुर्बिणी का घेऊ नयेत? ‘सामायिक वस्तू म्हणजे कुणाचीच नाही, महिन्यात फुटेल’ असं कुणी म्हणेल. सावंगीतल्या मेडिकलच्या मुलांनी याचं उत्तर द्यावं. लॅबमधला मायक्रोस्कोप दरवर्षी नव्या बॅचच्या हाताखालून जातो, तरी टिकतो. कारण रजिस्टर असतं, जबाबदार माणूस असतो आणि वापरायला आधी शिकवलं जातं. लेन्सलाही हेच तीन नियम लावा. वर एक विमा.

हा माझा आग्रह फक्त पैसे वाचवायला नाही. पक्ष्यांचा फोटो हा ज्यांच्या घरी लाखभर रुपये मोकळे आहेत त्यांचाच छंद झाला, तर कुठल्या पक्ष्याचा फोटो निघणार, हेही तेच ठरवणार. मग वाघाच्या जंगलातल्या घुबडाचे शंभर फोटो निघतील. आणि ज्या शेतातला चंडोल फवारणीमुळे दिसेनासा झाला, त्या शेतातल्या शेतकऱ्याची मुलगी कॉलेजात असूनही तिच्याकडे त्याचा एकही फोटो नसेल. तिला पक्षी माहीत आहे, जागा माहीत आहे, वेळ माहीत आहे. तिच्या हातात लेन्स पोचायला हवी.

तेव्हा या रविवारी खरेदी नको, फक्त वही-पेन घ्या. सकाळी साडेसहाला शेताच्या रस्त्यानं निघा. तीन रकाने आखा: पक्षी, वेळ, पावलं. पक्षी बिचकेपर्यंत तुम्ही जिथवर पोचलात, तिथून तो किती पावलांवर होता, ते अंदाजानं लिहा. २० मीटर म्हणजे साधारण २७ पावलं. असे तीन रविवार करा. वीस-तीस नोंदी झाल्या, की बहुतेक पक्षी ३० पावलांच्या आत आहेत की १०० च्या बाहेर, ते दिसेल. आत असतील तर सेकंडहँड ५५-२५० शोधायला लागा. बाहेर असतील, तर त्या वहीची झेरॉक्स जोडून प्राचार्यांच्या नावे सामायिक लेन्ससाठी अर्ज लिहा. खाली सह्या करायला दहा जण लागतील. ग्रुपवर उत्तरं देणारे दहा आहेतच.